सरवा

सिंधुताईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला तेव्हा घरात प्रत्येकाला आपापली काळजी लागली. नवऱ्याला, म्हणजे हिरालालना, स्वयंपाकाची. मुलाला, मोहितला, डॉक्टरच्या फेऱ्यांची. आणि खुद्द सिंधुताईंना धानाची. हे धान कुरुदच्या त्यांच्या घरामागे नव्हतं, घरामागे शेजाऱ्याची भिंत होती. ते हॉलमधल्या कॉम्प्युटरात होतं, एका ऑनलाइन खेळात. हंगाम संपायच्या आत कापणी झाली नाही, तर खेळ शेत काढून घेऊन दुसऱ्याला देत असे.

सून नीतू नेहरू नगरच्या एका कोचिंगमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. ती म्हणाली, "मम्मी, टेन्शन नका घेऊ. मी बॉट लिहून देते. तुमच्या जागी तो प्रोग्राम खेळन. या खेळात चालते ते, अलाउड हाय."

"बरं हाय मग," सिंधुताई म्हणाल्या. पण त्यांचा जीव काही भांड्यात पडला नाही.

त्याला कारण होतं आणि ते त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. खेळात धान कापताना थोड्या लोंबी जमिनीवर पडत. कापणाऱ्याने माउस दाबला की त्याही गोळा होत. सिंधुताई तो दाबत नसत. ज्या नव्या खेळाडूंना अजून शेत मिळालेलं नसे, ते मागून येऊन त्या लोंबी वेचत आणि त्यावर आपलं बियाणं जमवत. मोहितला वाटे, आईला दिसत नाही. "आई, किती सांडवून राहिली तू! लक्ष कुठं असते?" असं म्हणत त्याने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडेसुद्धा नेऊन आणलं. डॉक्टरने नवा चष्मा दिला, सिंधुताईंनी मुकाट्याने लावला, आणि लोंबी पूर्वीसारख्याच पडत राहिल्या.

बॉट पहिल्यांदा चालला तो थेट बुजगावण्याकडे गेला आणि त्यालाच विळा मारू लागला. मग धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडून शेजाऱ्याच्या वावरात घुसला. हिरालाल पोट धरून हसले.

"त्याले सगळं सारखंच दिसते, पप्पा," नीतू म्हणाली. "धान, दगड, बैल, बुजगावणं, त्याच्यासाठी सगळ्या वस्तूच. आपल्याले पाहिजे तेवढ्याच चाळून द्या लागतात. त्याले फिल्टर म्हणतात."

मग ती चाळत बसली. वस्तूचं नाव धान असेल तरच घ्यायची. पिकलेली असेल तरच. आपल्या धुऱ्याच्या आत असेल तरच. दुसरं कुणी आधीच कापायला लागलं असेल तर सोडून द्यायची. सिंधुताई शेजारी बसून कौतुकाने पाहत राहिल्या. सुपात तांदूळ पाखडणाऱ्या बाईसारखा तिचा हात चालत होता, घाई नाही की चुकारपणा नाही. अशी सून आपल्या पदरात पडली याचं त्यांना मनापासून बरं वाटलं.

आणि बॉटने शेत धुऊन काढलं. पडलेल्या लोंबींचं नावही धानच होतं, त्यामुळे त्याने एकूण एक लोंब उचलली. "वा! एक दाणा नाही सांडला," हिरालाल म्हणाले.

संध्याकाळी डोक्याला लाल गमछा बांधलेला एक खेळाडू आला. तो रोज यायचा. तो शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला, मधोमध उभा राहिला आणि निघून गेला. कोण कुठला, त्याचं खरं नावही ठाऊक नाही, पण त्या रात्री सिंधुताई अर्ध्या ताटावरून उठल्या. नीतूला एक शब्द सांगितला असता तर काम झालं असतं. पण मग ती विचारणार, कावून, का म्हणून? आणि त्या कावूनचं उत्तर त्यांनी लग्न झाल्यापासून या घरात दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नीतूने हाक मारली. "मम्मी, या. दुसऱ्या तुकड्याची कापणी लावली."

"मले नाही पाहाचं."

"पाहा तरी!"

सिंधुताई नाइलाजाने खुर्चीत टेकल्या. बॉट कापत होता. लोंबी पडत होत्या आणि तो त्या तशाच ठेवून पुढे सरकत होता. तेवढ्यात लाल गमछा धुऱ्यावर आला. बॉटने हातची ओळ तिथेच सोडली आणि शेताच्या पार दुसऱ्या कडेला जाऊन, इकडे पाठ करून कापू लागला. वेचणाऱ्याला कुणी बघत नाही असं वाटावं, म्हणून सिंधुताई नेमकं हेच करत. आपण असं करतो हे त्यांचं त्यांनाही आजच कळलं.

"तुले कोनं सांगितलं हे?"

"कोणीच नाही. काल तुमचा चेहरा उतरला न, मग मी सोचत बसली. इतके दिवस तुमच्या मागे बसून चहा पेते मी, तुमचा खेळ पाहते. त्या तुमच्याकडून पडत नव्हत्या, मम्मी. तुम्ही ठेवत होत्या. चष्म्याचा काही संबंधच नाही."

सिंधुताईंचे डोळे भरून आले. पोटच्या पोराला जे दिसलं नाही, ते या पोरीने पाहिलं होतं, आणि वर एका शब्दाने विचारलंही नव्हतं.

"आता या फिल्टरले नाव द्या लागते," नीतू म्हणाली. "काय लिहू?"

"सरवा लिही."

"म्हणजे?"

"कापणी झाल्यावर वावरात जे राहते, ते. ज्याले वावर नाही, तो वेचते." सिंधुताईंनी डाव्या हाताने चष्मा काढला. मग म्हणाल्या, "माझी माय वेचे. साकोलीकडे, लोकायच्या वावरात. मी तिच्या मागं टोपली घेऊन राहो. लग्नात मामानं सांगितलं, शेतकऱ्याची पोर हाय म्हणून. तसं काही नव्हतं."

दिवाणावर हिरालालच्या हातातला पेपर खाली आला.

"आमच्या गावच्या वावरातबी तू अशीच सांडवत जाय," ते हळूच म्हणाले. "माझी माय तुले किती बोले. या पोरीले धान कापताच येत नाही म्हणे."

"येत होतं," सिंधुताई म्हणाल्या. "चांगलं येत होतं मले."