माझी पुढची काच

मित्रांनो, जरा डोळे मिटा. तळहात पुढे करा आणि त्यावर एक मोटार उभी आहे अशी कल्पना करा. निळी, चार दारांची, गोल दिव्यांची. तिची दारं उघडत नाहीत, तिला पेट्रोल लागत नाही आणि हॉर्न वाजवून ती कुणाची झोपमोड करत नाही. पण डोळा अगदी जवळ नेलात तर आत स्टिअरिंग दिसेल आणि त्यामागे शून्यावर टेकलेला वेगाचा काटा दिसेल. दिसला? मग ओळख झालीच. मी एक जुनी प्लास्टिकची मोटार आहे, खऱ्या मोटारीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी.

तुम्ही जन्मलात तेव्हा तुमचे हातपाय जागच्या जागी होते. माझं तसं नव्हतं. मी एका चपट्या खोक्यातून आले. चाकं एकीकडे, छप्पर दुसरीकडे, आणि सगळे बारीकसारीक भाग पातळ दांड्यांना लटकलेले, वेलीला शेंगा लागाव्यात तसे. ज्या मुलीने मला विकत आणलं, तिला नुकतीच कवळ्या बनवण्याच्या ठिकाणी नोकरी लागली होती. दिवसभर ती लोकांचे दात घडवायची आणि संध्याकाळी मला. एकेक भाग कापायचा, कानशीने घासायचा, आधी अस्तर द्यायचं, मग रंगाचा पातळ थर. तो पुरता वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. तिच्या आईला वाटे, आपली लेक उगाच टेबलाकडे बघत बसते. ती खरं तर माझा रंग वाळताना बघत असे. माझे बाजूचे आरसे तिने चॉकलेटच्या चंदेरी कागदाचे केले. असे आरसे खोक्यात आलेच नव्हते.

मी तिची पहिली गाडी. माझ्यामागून लाल आली, पिवळी आली, उघड्या टपाची एक पांढरी आली. कपाट भरत गेलं आणि मी मागच्या रांगेत सरकले. धूळही बसली. पण मी रुसले नाही. मागच्या रांगेतूनही घर दिसतंच. त्या घरात तिच्या भावाचं लग्न झालं, त्याला आधी मुलगा झाला, मग मुलगी, आणि ती सगळ्यांची आत्या झाली. वर्षातून एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये अशा छोट्या गाड्यांचं प्रदर्शन भरे. त्या दिवशी आत्याच्या टेबलावर पहिला मान माझा असायचा. बाकीच्या गाड्या माझ्यामागे.

यंदा मला काढायला आत्या स्टुलावर चढली आणि स्टूल कलंडलं. आम्ही दोघी एकदमच पडलो. आत्याच्या उजव्या मनगटाला प्लास्टर आलं. माझा एक आरसा मोडला, पुढचा बंपर निखळला आणि पुढची काच सुटून पलंगाखाली गेली. प्रदर्शन आठवड्यावर आलं होतं. डाव्या हाताने आत्याला चहाचा कपसुद्धा धड धरता येईना.

तेव्हा भावाची मुलगी म्हणाली, "मी करते."

घरात हसू फुटलं. त्याला कारण होतं. या मुलीच्या हातून पेले फुटत, दारांच्या कड्या निखळत, शिसपेन्सिली दोन अक्षरांत मोडत. तिचा दादा तिला हातोडी म्हणायचा, आणि ते नाव एव्हाना घरभर झालं होतं. बाबा आत्याला म्हणाले की ताई, तिच्याकडे देण्यापेक्षा गाडी तशीच मोडकी ठेव, निदान आहे तेवढी तरी राहील. आत्याने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मी व माझे सुटलेले भाग ठेवलेला खोका मुलीपुढे सरकवला.

"मी तोंडाने सांगेन," ती म्हणाली. "हात तुझे."

पहिले दोन दिवस छान गेले. मुलीने मऊ ब्रशने माझी धूळ काढली, बंपर बसवला, आरशाचा दांडा चिमट्यात धरून जोडला. काम करताना तिची जीभ बाहेर यायची आणि श्वास अडकायचा. काचेच्या वेळी आत्याने बजावलं की तिला फक्त पांढरा गोंद लावायचा. तो सावकाश सुकतो, पण सुकल्यावर दिसत नाही.

तो फारच सावकाश सुकतो, मित्रांनो. काच बसवली की घसरायची. पुन्हा बसवली की पुन्हा घसरायची. आत्या दवाखान्यात प्लास्टर दाखवायला गेली होती. मुलीने इकडेतिकडे पाहिलं आणि दादाने बुटाचा तळ चिकटवायला आणलेली इन्स्टंट ग्लूची नळी उचलली. चार कोपऱ्यांना चार थेंब. काच क्षणात बसली, अगदी सरळ. मुलगी खूश झाली. धूळ बसू नये म्हणून तिने मला डब्यात ठेवलं आणि झाकण घट्ट लावलं.

सकाळी झाकण उघडलं तेव्हा मला बाहेरचं काही दिसत नव्हतं. त्या ग्लूची वाफ डब्यात कोंडली होती आणि काचेवर आतून बाहेरून पांढरी पुटं चढली होती. हिवाळ्यातल्या पहाटेच्या धुक्यासारखी दाट. मुलीने फुंकर मारली, रुमालाने पुसलं. धुकं तसंच. तिने झाकण परत लावलं आणि डबा मांडीवर घेऊन बसून राहिली.

दादाने तिच्या हातातून डबा घेतला, आत पाहिलं आणि म्हणाला, "चला. हातोडी ती हातोडीच." तो वाईट मुलगा नाही. पण त्या दिवशी त्याने तोंड आवरलं असतं तर बरं झालं असतं.

मुलगी रडली नाही. ती आत्याकडे गेली, जे केलं ते सांगितलं आणि डबा तिच्यापुढे ठेवून म्हणाली, "मी आता कशालाच हात लावणार नाही. कधीच."

हे ऐकून मला काचेपेक्षा जास्त वाईट वाटलं. काच काय, माझी होती. हात तर तिचे होते, आणि अजून सगळं आयुष्य तिला ते वापरायचे होते.

आत्याने मला उजेडाकडे फिरवून नीट पाहिलं. मग आपला प्लास्टरचा हात पुढे केला. "हा बंद आहे. आणि तू म्हणतेस तुझेही बंद. मग या घरात काम करायचं कुणाच्या हातांनी? तुझ्या दादाच्या? त्याला तर बुटाचा तळ चिकटवता आला नाही."

मुलीला हसायचं नव्हतं, पण ती हसली.

आत्या म्हणाली की हा ग्लू गारठला की ठिसूळ होतो. म्हणून मला फ्रीझरमध्ये ठेवण्यात आलं. बर्फाच्या ट्रेशेजारी राहण्याची ही माझी पहिलीच वेळ. मुलीच्या आईने मटारची पिशवी घ्यायला दार उघडलं आणि म्हणाली, "अगंबाई, हिला गॅरेज मिळालं वाटतं."

बाहेर काढल्यावर मुलीने काचेच्या कडेखाली लाकडी काडी सरकवली. आत्या आपला बरा हात मांडीखाली दाबून बसली होती, न जाणो मध्येच पुढे यायचा. टक् असा आवाज झाला आणि काच अख्खीच्या अख्खी सुटली.

मग मऊ फडकं आणि त्यावर किंचित टूथपेस्ट. "दात काय आणि काच काय," आत्या म्हणाली, "जोर लावलास तर झीज. गोल गोल, हळू." मुलगी घासत राहिली. पाहुणे येऊन गेले, खाली मुलांचा खेळ सुरू होऊन संपला, ती उठली नाही. धुकं कडेकडेने मागे हटत गेलं. एका कोपऱ्यात नखाएवढं उरलं, ते काही केल्या जाईना. तिने पांढऱ्या गोंदाने काच बसवली, कागदी टेपच्या पट्ट्यांनी धरून ठेवली आणि डब्याचं झाकण उघडंच ठेवलं.

प्रदर्शनात मी पुढे उभी होते. जाड चष्म्याचे एक काका दरवर्षी येतात, आम्ही दोघी पडल्याचं त्यांना कळलं होतं. ते वाकून म्हणाले, "वा, ताई, प्लास्टरमध्येसुद्धा तुमचा हात तोच."

आत्याने शेजारी उभ्या मुलीकडे पाहिलं.

"हात माझा आहे," मुलगी म्हणाली. "काच मीच खराब केली होती आणि मीच साफ केली. इथे अजून थोडं राहिलंय, बघा." तिने कोपऱ्यावर बोट ठेवलं. काकांनी चष्मा वर सरकवून पाहिलं, मग आपल्या मित्राला हाक मारली, आणि मुलीला सगळी हकिकत पहिल्यापासून पुन्हा सांगावी लागली.

मित्रांनो, मोडलेली वस्तू टाकून देण्याआधी एकदा उजेडाकडे धरून बघा. आणि कुणाच्या हातून काही मोडलं तर त्या हातांना लगेच नाव ठेवू नका.

आता मी कपाटाच्या पुढच्या रांगेत असते. समोरच टेबल आहे, म्हणून काल जे घडलं ते मला स्वच्छ दिसलं. दादा आला आणि त्याने आपला हेडफोन बहिणीपुढे ठेवला. त्याची कमान मधोमध मोडली होती. तिने तो दोन्ही हातांनी उचलला, तुटलेली जागा निरखली आणि विचारलं, "कधी हवाय?"

"आत्ता."

तिने हेडफोन त्याच्या हातात परत दिला.

दादाने हेडफोन पुन्हा टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "उद्या चालेल."

मुलीने टेबल मोकळं केलं, रद्दी कागद पसरला, दिवा जवळ ओढला आणि मोडलेली कड पॉलिश पेपरने हळूहळू घासायला घेतली.