पाहुणी वेळेवर आली

"मला आपल्या स्टेशनात बाजूला घेशील ना? लेक निघायच्या आधी दोन मिनिटं भेटेन तरी," नवरा फोनवर म्हणाला.

"घ्यायचं कशाला? तुमची गाडी वेळेवर आलीये कधी?" ती म्हणाली. दोघंही हसले.

तो मालगाडीचा ड्रायव्हर. ती कंट्रोल ऑफिसात. वेळापत्रकात ठरलेल्या गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, आदल्या दिवशी मागणी आलेल्या मालगाड्या बसवायच्या, हे तिचं काम. ऑफिसात या गाड्यांना सगळे 'पाहुण्या' म्हणत. येते येते म्हणायचं आणि यायचं नाही. कधी माल भरून होत नसे, कधी इंजिन मिळत नसे. निम्म्या तर निघतच नसत. बाकीच्या इतक्या रखडत यायच्या, की त्यांना यांच्या गावच्या स्टेशनात बाजूच्या रुळावर उभं करून प्रवासी गाडी पुढे काढावी लागे. लेक शाळेत असल्यापासून अशा उभ्या इंजिनापाशी बापासाठी डबा घेऊन जायची. बापलेकीच्या निम्म्या गप्पा तिथेच झालेल्या.

आज लेक संध्याकाळच्या गाडीनं परदेशी निघाली होती. दोन वर्षं तरी परत यायची नव्हती. बाप कालपासून ड्यूटीवर. तो उशिरा येणार, लेकीच्या गाडीला वाट देण्यासाठी थांबणार, आणि भेट होणार, असं घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तिनं कागदावर मात्र त्याला कुठेही न थांबवता लेकीच्या गाडीच्या पुढे काढलं होतं. जागा मोकळी होती, आणि मोकळी जागा वाया घालवणं तिच्या जिवावर येई.

दुपारी तिनं पडद्यावर पाहिलं, तर गाडी वेळेवर सुटलेली. पुढच्या स्टेशनातही वेळेवर. अशीच आली तर ती गावी थांबणारच नव्हती. ती शेजारच्या टेबलावरून गाड्या सोडणाऱ्या-थांबवणाऱ्या साहेबांकडे गेली.

"साहेब, ही पाहुणी आमच्या गावी जरा थांबवता येईल?"

"वेळेवर चाललेली गाडी? का हो, काही बिघाड आहे?"

"नाही, काही नाही," ती म्हणाली आणि जागेवर येऊन बसली. तिला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही.

संध्याकाळी साहेब ओरडले, "अहो, तुमच्या पाहुणीनं कमाल केली! एक मिनिट इकडचं तिकडं नाही!" दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"आई, बाबा गेले गं. थांबलेच नाहीत."

"दिसले का?"

"हात दिसला. बराच वेळ बाहेर होता." मग ती म्हणाली, "मी डबा आणला होता त्यांना."

"असू दे. तूच खा गाडीत. जपून जा, बाळा."

तिनं फोन ठेवला, डोळे पुसले आणि उद्याच्या मागण्या उघडल्या. पहिलीच गाडी नवऱ्याची होती, परतीची. गावच्या स्टेशनात तिला चांगला ऐसपैस थांबा देता येत होता. तिनं तो दिला. तिथे डबा घेऊन आता कोणी येणार नव्हतं.