विवाहित असेल तर

१९६७ साली बंगळूरच्या चामराजपेट भागातली अनुसूया तिथल्याच एका कारखान्यात कॉम्प्युटरसाठी प्रोग्राम लिहायची. एके दिवशी तिचे साहेब, हयवदनराव, यांनी नोकरीत कायम करायच्या माणसांची यादी काढायचं काम तिच्यावर सोपवलं.

"स्त्री असेल आणि विवाहित असेल, तर नाव गाळायचं," ते म्हणाले.

"आणि पुरुष विवाहित असेल तर?"

"त्याला अट नाही."

"सर, पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे."

"पत्रिका मिळाली मला," हयवदनराव खाली बघत म्हणाले. "पण नियम वरून आलाय."

तिने नकार दिला असता, तर ती अट दुसऱ्या कुणी लिहिली असती आणि तिची नोकरी आजच गेली असती. तिने मुकाट्याने प्रोग्राम लिहिला. चाचणीसाठी यंत्रात घालायच्या, भोकं पाडून माहिती भरलेल्या कार्डांत एक स्वतःच्या नावाचं घातलं, 'विवाहित' म्हणून. यंत्राने यादी छापली. तीत तिचं नाव नव्हतं.

"शाब्बास, एकही चूक नाही," साहेब म्हणाले.

संध्याकाळी घरी आईने लग्नाचा शालू तिच्या खांद्यावर टाकून पाहिला. अनुसूयाला रडू आवरेना.

"सासरी जाताना सगळ्याच रडतात ग," आई म्हणाली आणि तिने लेकीला जवळ घेतलं.