काचेपलीकडचे नट

धाकट्याचं वय बावन्न, पण थोरला भाऊ गल्लीतच राहायचा, त्यामुळे लहानथोर सगळे याला अजून धाकट्याच म्हणायचे. त्याचं सलून दोन खुर्च्यांचं, आणि रस्त्याकडे भलीमोठी काच.

रोज दहाच्या सुमारास थोरला पलीकडच्या फुटपाथवरून जायचा. मान ताठ, पण सलून आलं की डोळा हळूच तिरका. सात महिने अबोला होता, कारण मिशी. थोरल्याच्या निवृत्तीच्या सकाळी धाकट्याने गप्पांच्या नादात डावी बाजू जरा जास्तच कापली. मग उजवी तिच्याशी जुळवली, मग डावी उजवीशी, असं करता करता मिशीच संपली. एवढं झाल्यावर तरी गप्प बसावं ना! पण हा भरल्या दुकानात म्हणाला, "दादा, आत्ता कळलं तू इतकी वर्षं काय झाकत होतास." सगळं दुकान हसलं. ऑफिसच्या निरोपाच्या फोटोत थोरला तोंडाला रुमाल लावून उभा आहे.

तो तिरका डोळा दिसला की धाकट्याला वाटायचं, आज येईल, नाहीतर उद्या. आपण चार पावलं चालून माफी मागावी, हे काही त्याला सुचलं नाही.

मग एक दिवस हेडमास्तर डोक्याला कलप थापून, वर पिशवी बांधून बसले होते, आणि बाहेर सहावीचा अख्खा वर्ग काचेला नाकं चिकटवून उभा.

"धाकट्या, या काचेचं काहीतरी कर, नाहीतर मी पांढरा राहतो!"

धाकट्याने काचेवर चिकटवायची फिल्म आणली. कडेने वेलबुट्टी, मधे बाहेरून आरसा. आतल्याला बाहेरचं सगळं दिसणार, बाहेरच्याला फक्त स्वतःचं थोबाड.

हेडमास्तरांची अब्रू वाचली, पण रस्त्याला फुकटचा आरसा मिळाला. कुणी दात कोरायचं, कुणी पोट आत ओढून बघायचं. एक बाई तर सासूशी करायचं भांडण दोन्ही बाजूंनी करून गेल्या. आतल्यांना हसू आवरेना. धाकट्याने खुर्च्याच काचेकडे फिरवल्या. गिऱ्हाईक दाढी झाली तरी उठेना.

एका गुरुवारी डोळ्यांपर्यंत कानटोपी ओढलेला, मफलर गुंडाळलेला एक गृहस्थ काचेसमोर येऊन थांबला. धाकटा विमा एजंटाच्या गालाला फेस लावत होता.

"आला बघा आजचा नट! पाठांतर करून आलाय वाटतं!"

गृहस्थाने मफलर खाली केला. एका बाजूला वाढलेली, एका बाजूला खुरटलेली मिशी चाचपली. ओठ हलू लागले. दार हवेसाठी उघडंच होतं, त्यातून शब्द आत आले. "झालं ते झालं... जरा सारखी करून दे..." मग तो हसून बघू लागला. जमेना. पुन्हा हसला.

"दुसऱ्यांदा चुकला!" हेडमास्तर ओरडले, आणि दुकान खदखदलं. धाकटा सगळ्यांत जोरात.

ते हसणं दारातून बाहेर गेलं. गृहस्थ दचकला, टोपी वर सारली, डोळ्यांभोवती हात धरून त्याने काचेला नाक टेकवलं. इतक्या जवळून आतलं दिसतं. ओळीने बसलेली तोंडं, आणि मधे तोंड उघडं टाकून उभा असलेला धाकटा.

धाकटा ब्रश घेऊनच बाहेर धावला.

"दादा! मला कळलंच नाही रे तू आहेस ते!"

"मला मात्र कळलं," थोरला मफलर गुंडाळत म्हणाला. "मागच्या वेळी वाटलं, तोंडातून निघून गेलं असेल. तू तर खुर्च्या मांडून बसलायस."

आणि तो गेला.

धाकट्याने दुपारभर वस्तऱ्याने फिल्म खरवडली. पट्ट्यापट्ट्यांनी निघाली, गोंद तेवढा राहिला.

"अरे, माझं काय?" हेडमास्तर म्हणाले.

"पांढरे व्हा."

पुढे चार दिवस दहा वाजता पलीकडचा फुटपाथ रिकामा. पाचव्या दिवशी धाकटा शटर ओढून, कुलूप लावून, कात्री खिशात घालून थोरल्याच्या घरी गेला. दार वहिनीने उघडलं.

"अगंबाई, भावजी! ते तर मिशी कापायला गेलेत, मागच्या रस्त्यावर. तिथला माणूस फारसा बोलत नाही म्हणे. बसा ना, चहा टाकते."

"नको वहिनी," धाकटा म्हणाला. "दुकान उघडंच टाकून आलोय."