फोटो चांगला आलाय

मी प्लेट बोलतेय. जेवायची नव्हे, हाडांचा एक्स-रे टिपणारी. वरवंडला हायवेलगतच्या एका सेंटरमध्ये पडून असते. गोड बोलणं आता माझ्याच्यानं होणार नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा केसाएवढी चीरही माझ्या नजरेतून सुटत नसे. अट एकच, किरण पुरेसे द्या. पण आमच्या मालकांना किरण सोडणारी महागडी ट्यूब जपायची असते. किरण कमी पडले की चित्रावर रव्यासारखे दाणे उमटतात. ती माझी तक्रार असते, की मला नीट दिसलेलं नाही, पुन्हा काढा.

ही तक्रार ऐकायला ठेवलाय ईश्वर. तो आधी लग्नाचे फोटो काढायचा. नवरीच्या गालावरचे डाग कॉम्प्युटरवर पुसण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. इकडं लोक एक्स-रेला फोटोच म्हणतात, आणि या शहाण्यानं ते खरं मानलं.

वडगाव रासाईच्या कृपाबाई ओट्यावरून पडल्या, म्हणून मुलगा योहान त्यांना घेऊन आला. बाई अंगानं भरलेल्या. त्यांच्या खुब्याखाली मला सरकवलं आणि किरण सोडले नेहमीचेच, हात आखडता घेऊन. चित्रभर दाणे आले. ईश्वरनं उजेड वाढवला, दाणे पुसले आणि त्यांच्याबरोबर खुब्यातली बारीक चीरही पुसली. मला त्याची बोटं चिरडावीशी वाटली.

"दादा, फोटो लई चांगला आलाय," तो म्हणाला. योहानही खूश झाला. त्या गुळगुळीत चित्रावर डॉक्टरांनी मुका मार ठरवला आणि बाईंना चालत राहायला सांगितलं.

त्या आठ दिवस लंगडत चालल्या. रविवारी चर्चमध्ये गीत गायला उभ्या राहिल्या आणि खुबा मोडला.

पिकअपमध्ये निजवून त्यांना परत आणलं. ईश्वर नेहमीसारखाच किरणांच्या बटणाकडं वळला. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"या बारीला चांगला नको काढू, लेकरा. हाय तसा काढ."

त्यानं पहिल्यांदाच किरण पुरते सोडले. मी हाडाचे दोन तुकडे लख्ख दाखवले. आता ते आंधळ्यालाही दिसले असते. ईश्वर रडला. मला दया आली नाही, खोटं कशाला सांगू?

तुम्हीही कधीतरी माझ्यावर आडवे व्हाल. फोटो चांगला आलाय असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा, त्यातलं काय पुसलंय?