मुखवट्याचे डोळे

काळ्या रंगावर साय धरली होती. डबा उघडल्यावर निकेशला ती आधी आवडलीच — गुळगुळीत, मधोमध जराशी खचलेली, कडेला बारीक सुरकुत्या — आणि मग तिच्यात काडी घालायचा धीर होईना. साय फोडली की खाली ओला रंग असणार, रंग ओला असला की ब्रश बुडवावा लागणार, आणि ब्रश बुडवला की भिंतीला टेकून ठेवलेली ती मुखवट्यांची थप्पी... त्यापेक्षा झाकण बरं. त्यानं झाकण लावलं आणि ते उघडू नये म्हणून त्यावर जरा वेळ बसला.

खिडकीतून पलीकडच्या घराचं दार दिसत होतं. कडी लावलेली. म्हणजे मोठी माय आजही उजाडायच्या आधीच गेली. मोठी माय म्हणजे शकुबाई, त्याच्या बापाच्या थोरल्या भावाची बायको. मोहाचे दिवस आले की ती टोपली घेऊन जंगलात जाते, गावातल्या साऱ्याच बाया जातात. मोहाची फुलं जमिनीवर पडलेली असतात, वेचायला वाकावं लागतं, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. वाघ येतो तो पाठीमागून. म्हणून डोक्याच्या मागे मुखवटा बांधायचा — आपल्याकडे कोणी बघतंय असं वाटलं की वाघ म्हणे दोनदा विचार करतो. (तो एकदा तरी करतो हे कोणी ठरवलं, असं निकेशला विचारायचं होतं, पण समितीच्या बैठकीत असले प्रश्न चालत नाहीत.)

गावच्या समितीनं मुखवटे मागवले आणि दुकानदारानं पाठवले ते शाळेच्या गॅदरिंगचे. गोरे गाल, लाल ओठ, आणि प्रत्येकाच्या तोंडावर हसू. बैठकीत मोह वेचणाऱ्या बायांतल्या ललितानं एक उचलून सगळ्यांना दाखवला. "हे तं हासून राह्यले. वाघाले वाटन, या बसा, चहा घ्या म्हणून राह्यले." बाया हसल्या, समितीचे अध्यक्ष मुखरूभाऊ हसले नाहीत, आणि त्या अवघडलेल्या शांततेत एक मूर्ख माणूस उभा राहून म्हणाला, मी डोळे रंगवून देतो, मिशा काढून देतो, संध्याकाळपर्यंत. तो मूर्ख म्हणजे मी. मला कोणी विचारलंही नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यानं एक रंगवला खरा. मोठे डोळे, जाड भुवया, आकडेबाज मिशा — आणि बाजूला सरकून पाहिलं तर मुखवटा घाबरलेला. मिशांसकट घाबरलेला. असला मुखवटा बांधून मोठी माय जंगलात जाणार, आणि वाघाला तिच्या मागच्या तोंडावरून कळणार की बाई भ्याली आहे... त्यानं तो भिंतीकडे तोंड करून खिळ्याला अडकवला आणि ठरवलं, उद्या. नीट. रागीट डोळ्यांचा आधी अभ्यास करून.

त्यानंतर त्याला आळशी म्हणणं हा आळशी लोकांवर अन्याय झाला असता. त्यानं सगळे ब्रश रॉकेलमध्ये धुतले. आरशासमोर डोळे वटारून पाहिले. शेळ्यांच्या गोठ्याचं दार हिरवं केलं, त्यावर 'चपला बाहेर काढाव्या' असं सुंदर अक्षरात लिहिलं. मोबाईलवर टाळाटाळीवरचा एक व्हिडिओ पाहिला. त्यातला टाय लावलेला तरुण म्हणत होता, उलटे आकडे मोजा आणि झटकन उठा. निकेश उलटे आकडे मोजून झटकन उठला, मोबाईल चार्जिंगला लावला आणि व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून बघायला बसला. मुखरूभाऊ चौकात भेटत — "झालं का रे बाबू?" — "होऊन राह्यलं, भाऊ." मग चौकातून जाणं बंद. मग मागच्या गल्लीतून. मग तीही नको, कारण तिथं ललिता असते.

काम अर्ध्या दिवसाचं होतं. ते अजूनही अर्ध्या दिवसाचंच आहे, वाढलेलं नाही... वाढलंय ते त्याच्या आधीचं काम. आता मुखवटे द्यायचे म्हणजे दारात उभं राहायचं, आणि समोरची बाई मुखवट्याकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघणार, तेवढा एक क्षण. त्या एका क्षणाला चुकवण्यासाठी मी दिवसच्या दिवस खर्च करतोय, आणि रोज तो क्षण थोडा लांब होतोय. हे मला कळतं. कळल्यानं काहीही होत नाही, हेही कळतं.

ऊन चढलं. बाया परतू लागल्या. मोहाचा गोड, आंबूस वास गल्लीतून पुढे सरकला. पलीकडची कडी तशीच. निकेश खिडकीपाशी उभा राहिला, मग दारात, मग — मागच्या गल्लीतूनच — ललिताच्या अंगणात.

"मोठी माय कुठी हाय?"

ललिता फुलं पसरत होती. तिनं वर पाहिलं. तो क्षण आला आणि गेलासुद्धा. त्याच्याकडे बघायला तिला वेळच नव्हता. "माह्या संगंच होती. अर्ध्या वाटेतून परत जंगलात फिरली. सुतळी तुटली म्हणे, फोटो पडला."

"कोणता फोटो?"

"जाऊन पाय ना."

गावाबाहेरच्या पायवाटेवर तो धावला की चालला हे त्याला नंतर आठवलं नाही. साग निष्पर्ण, खाली वाळलेली पानं, पाऊल टाकलं की आख्ख्या जंगलाला कळावं असा आवाज. एकटी. परत फिरली ती एकटी. कशासाठी... आणि वळणावर शकुबाई दिसली, डोक्यावर टोपली, शांतपणे येणारी, जशी बाजारातून यावी.

"तू कुठी चाल्ला?" ती म्हणाली. "आन, घे टोपली. मान भरून आली."

टोपली उतरवताना त्यानं पाहिलं. तिच्या डोक्यामागे सुतळीनं बांधलेले होते मोठे बाबा. गुणवंतराव, तिचे यजमान, वारल्यावर ब्रह्मपुरीच्या स्टुडिओत फोटोत मोठे करून घेतलेले. स्टुडिओवाल्यानं आपल्या मनानं चढवलेला निळा कोट आणि टाय, काच काढून टाकलेली, पुठ्ठ्याला भोकं पाडलेली.

"हे काय, मोठी माय?"

"जिते होते तवा एक दिवस आले नाई मोह वेचाले," ती म्हणाली. "आता रोज येते. आज पडले, तं त्याइले तिथंच ठेवून कशी येऊ?"

रोज. म्हणजे केव्हापासून... "मी देतोच होतो," तो म्हणाला. "डोळे जमून नाई राह्यले..."

"घाई नोको करू, बाबू. कलाकारीचं काम हाय."

त्यानं त्या वाक्यात टोमणा शोधला. असता तर धरून उभं राहता आलं असतं, उलट उत्तर देता आलं असतं. नव्हता. ती खरंच म्हणत होती.

वाट अरुंद होती. ती पुढे, तो टोपली घेऊन मागे, आणि दोघांच्या मध्ये कोट-टाय घातलेले मोठे बाबा त्याच्याकडे बघत होते. रागानं नाही. ते कधी फारसे रागावत नसतच. फक्त बघत होते, ती पावलं टाकेल तसे किंचित डोलत, आणि त्यानं नकळत चाल हळू केली, अंतर वाढवलं, एकदा चक्क थबकला. मुखवटा काम करतो तर. डोळे रागीट असावे लागत नाहीत, असावे लागतात एवढंच. तो जिथं चालत होता — वाकल्यावर उघड्या पडणाऱ्या त्या बारीक मानेच्या चार पावलं मागे — ती जागा कोणाची, हे त्याला अंगावर काटा येऊन कळलं.

"थांबला काऊन?" शकुबाईनं मागे न वळता विचारलं.

झाडीकडे बघता आलं असतं, खाली पायांकडे बघता आलं असतं. तो फोटोकडेच बघत राहिला. लाज होतीच, उलट जास्तच होती; पण इतके दिवस ती मागून येत होती आणि आज पहिल्यांदा समोर होती, आणि समोरच्या गोष्टीपासून पळायला वाटेवर जागा नव्हती, आणि टोपली जड होती, आणि त्यानं पाऊल उचललं.