गेलीस तर

मुक्ताबाईने ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि पुन्हा तेच वाक्य लिहिलं. 'आय वुड रादर यू वेंट.' तू जावंस, हे मला अधिक पसंत आहे.

"गुरुजी, जायचं तर अजून पुढे आहे, मग 'वेंट' कशाला? ते तर गेल्याचं रूप."

शेजारच्या रंगनाथ गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "दुसऱ्यानं काय करावं, ही आपली पसंती 'वुड रादर'नं सांगताना इंग्रज भूतकाळ वापरतो. का, ते मला विचारू नकोस. पाठ कर."

गुरुजी उठून गेले. मुक्ताबाई ओट्याच्या खांबाला टेकली. एकाहत्तर सालातल्या त्या दुपारी लिंबाची सावली पाटीवर हलत होती, आणि बघता बघता तिच्या डोळ्यांवर झापड आली. नगरच्या ट्रेनिंग कॉलेजात सोमवारी हजर व्हायचं होतं. झोपेत मात्र ती तिथे कधीच पोचली होती. लांबलचक व्हरांडा, खडूचा वास, कुठेतरी घंटा. आणि मागे पारनेरच्या घरात सासू एकटीच चुलीपुढे.

नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, घरात दोघीच. गोजरबाई जा म्हणत नव्हती, राहा म्हणत नव्हती. विचारलं की म्हणे, तुझं तू बघ. तिच्या तोंडून होकार ऐकल्याशिवाय मुक्ताबाईचा पाय निघणार नव्हता. त्यात आठ दिवसांपासून म्हातारीने अबोला धरल्यासारखं केलं होतं. पाणी स्वतः आणायची, चुलीला हात लावू द्यायची नाही.

पावलं वाजली तशी ती जागी झाली. गोजरबाई आडावरून येत होती. थोरली घागर सोडून तिने लहान कळशी कडेवर घेतली होती.

"आत्याबाई, रागावलाय का माझ्यावर?"

"रागवू कशापायी? तू गेलीस तर एकटीला जमतंय का, ते बघत हुते." गोजरबाईने दम खाल्ला. "जमतंय."

"पर तुमच्या मनात काय हाय?"

"तू गेलीस तर लई बरं वाटंल मला."

गेलीस. जाणं सोमवारी होतं, आणि सासूने तिला केव्हाच पोचवून टाकलं होतं. मुक्ताबाईने पाटीकडे पाहिलं. अक्षरं धूसर झाली, तेव्हा आपण रडतोय हे तिला कळलं. उठून तिने कळशीला हात घातला. म्हातारी आता हात झिडकारणार, असं तिला वाटलं.

"घे उतरून," गोजरबाई म्हणाली. "आज हायेस न्हवं तू."